एकोणीस डोक्यांचा तक्ता

श्रावणात आमच्या गल्लीत उपास सगळेच करतात, पण उपाशी राहतो तो एकटा श्रीशैल. बाकीची मंडळी भगर, रताळी आणि दाण्याचे लाडू खाऊन महिनाअखेरीला पट्ट्याचे एक भोक पुढे सरकवतात. श्रीशैलचे सलून आहे, आणि बाळीवेशीमागच्या आमच्या गल्लीत श्रावण लागला की कोणी पुरुष डोक्याला कात्री किंवा गालाला वस्तरा लागू देत नाही. सोमवारी सिद्धेश्वराला निघालेली आमची गल्ली पाहून परगावच्या माणसाला वाटावे, ही मंडळी तपश्चर्या संपवून आत्ताच गुहेतून बाहेर आली आहेत. तपश्चर्या कसली? निम्मे लोक रांगेत उभे राहून मोबाईलवर क्रिकेट बघत असतात.

मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही, म्हणून संध्याकाळी ओट्यावर गल्लीतल्या मुलांना घेऊन बसतो. मुलांना शिकवायचा मला कंटाळा येत नाही. सातचा पाढा मी सातशे वेळा सांगू शकतो. मोठ्या माणसांना मात्र एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा सांगायचे माझ्या जिवावर येते. मुलाला एखादी गोष्ट येत नसली की ते "येत नाही" म्हणते. मोठ्या माणसाला येत नसली की तो "तसं नसतं हो मास्तर" म्हणतो.

एवढ्या वर्षांत मी मिळवले काय, तर शब्द. आमच्या गल्लीत माझा शब्द चालतो. विजेचे बिल बरोबर आहे का, अमावास्या आज की उद्या, नवीन सुनेचे नाव रेशनकार्डावर कसे लिहायचे, सगळे वाद "गुरुजींना विचारा" इथे येऊन थांबतात. ही माझी एकुलती एक इस्टेट. ती मी एका तेलाच्या बाटलीपायी कशी पणाला लावली, त्याची ही हकीकत आहे. ती मीच सांगितलेली बरी, कारण गल्लीत सांगतात तिच्यात मी याहून मूर्ख दिसतो.

श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी श्रीशैल ओट्यावर येऊन बसला. हा माझाच विद्यार्थी. हाताला कात्री नसली की त्याची बोटे आपोआप हवेत कापत राहतात.

"गुरुजी, वीस वर्षं झाली, लोकांचं केस कापलो. आता केस वाढवायचा धंदा करावा म्हणतो."

"म्हणजे?"

"तेल! आपलं सोताचं. मोबाईलवर बघितलो मी, एक बाई परसात तेल करती, आता विमानानं फिरती. मला तर अख्ख्या गल्लीचं डोकं पाठ हाय. कुणाचा भोवरा कुटं हाय, कुणाला कुटनं टक्कल पडणार, समदं."

हे बोलताना त्याने माझ्या डोक्याकडे पाहिले नाही. चांगल्या संस्कारांचा मुलगा आहे. संस्कार माझेच.

तेलाची कृती त्याच्या आईची, शिवबाईंची होती. खोबरेल, माका, जास्वंदीची फुले आणि आवळा. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते, पण आमच्या गल्लीत बाईने दारात पातेले चढवले आणि शेजारी गप्प बसले, असे आजवर घडलेले नाही. सगळ्यात आधी आले रुद्रप्पा. हे गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. गिरणी बंद पडली त्याला कारण आपला सल्ला कोणी ऐकला नाही, असे त्यांचे म्हणणे. ऐकला म्हणूनच पडली, असे माझे.

"नोड्री मास्तर," ते म्हणाले. ते 'बघा' कधी म्हणत नाहीत, 'नोड्री'च म्हणतात. "तेलात कांदा पाहिजे. कांद्याशिवाय केस न्हाय."

शेजारच्या गुरम्मा म्हणाल्या, "मेथी घाला की. आणि कडीपत्ता. आमच्या अक्कलकोटच्या मावशीची वेणी बघायची तुमी, गुडघ्यापतूर होती."

"लसूण पण घाल गं शिवबाई," पलीकडच्या खिडकीतून कोणीतरी सांगितले. कोणी, ते अजून समजलेले नाही. समजले तर मला दोन शब्द बोलायचे आहेत.

शिवबाईंना वेगळीच शंका आली. "श्रावणात कांदा-लसूण चालतंय व्हय?"

यावर तासभर चर्चा झाली. शेवटी रुद्रप्पांनी निकाल दिला, की कांदा पोटात गेला तर उपास मोडतो, डोक्यावर बसला तर मोडत नाही. निकाल सर्वांना पटला. ज्या प्रश्नाला काही अर्थ नसतो, त्याचे उत्तर आमच्याकडे लगेच पटते.

आता गरम तेलात मेथी, कडीपत्ता, कांदा आणि लसूण घातल्यावर काय होते, हे कोणत्याही गृहिणीला विचारा. गल्लीभर फोडणीचा खमंग वास सुटला. दोन घरांतून विचारणा आली की आज आमटी कोणाकडे आहे. शिवबाईंनी तेल गाळून बाटलीत भरले. श्रीशैलने वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "भूक लागली की गं आई."

इथपर्यंत माझा या भानगडीशी संबंध नव्हता. संबंध आला तो लेबलामुळे. बाटलीवर लिहायचा मजकूर श्रीशैलने माझ्याकडे मागितला. मी तो मनापासून लिहिला. चाळीस ओळी झाल्या. त्यात आयुर्वेद होता, सिद्धेश्वराचे तळे होते, मातेची महती होती आणि शेवटी एक सुभाषितही होते. श्रीशैलने वाचून विचारले, "ह्यात तेल कुटं आलं?" मी दाखवले. अडतिसाव्या ओळीत होते.

मग तो मुद्द्यावर आला. "गुरुजी, खाली फक्त एक ओळ टाकू. 'गुरुजींनी तपासलेले.' आणि तुमची सही. बाकी काय नको. तुमचा फोटोपण टाकणार होतो, पण..." इथे त्याची नजर पहिल्यांदा माझ्या डोक्यावर गेली. "...सहीच बरी."

मी म्हणालो, "तपासल्याशिवाय मी सही करत नसतो."

वाक्य बाणेदार होते. तिथेच उठलो असतो तर आज ताठ मानेने फिरलो असतो. पण समोर मुले बसली होती, आणि मुले समोर असली की मला शिकवायची उबळ येते. मी त्यांना सांगितले, "विज्ञान कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. ते मोजते. चला, आपण मोजू."

प्रयोग मी आखला, दुसऱ्या कोणाचा त्यात दोष नाही. गल्लीतली वीस डोकी निवडली. प्रत्येकाने रोज तेल लावायचे. दर रविवारी मुलांनी पट्टी घेऊन उजव्या कानावरच्या बटेची लांबी मोजायची आणि मोठ्या कागदावरच्या तक्त्यात लिहायची. तक्ता लिहायचे काम सहावीतल्या दानेश्वरीकडे दिले. ही मुलगी फार बोलत नाही, पण तिने आखलेली रेघ पट्टीलाही लाजवते. माझे डोके प्रयोगातून वगळले. संशोधक तटस्थ असावा आणि मोजायला काहीतरी असावे, अशी त्याची दोन कारणे होती. मुलांना मी पहिले सांगितले.

रविवारची मोजणी म्हणजे तमाशा असे. वीस बाप्ये ओळीने ओट्यावर बसलेले, आणि कालपर्यंत ज्यांना त्यांनी "ए पोरा, सरक" म्हटले, ती पोरे त्यांचे कान धरून उभी. मुलांना आयुष्यात इतका आनंद झाला नसेल. रुद्रप्पांना आपला आकडा सगळ्यांत मोठा हवा होता.

"ताणून धर की रे! कुरळा हाय तो. ताणल्यावर दीडपट भरतोय."

"ताणायचं नाही," दानेश्वरी म्हणाली. "गुरुजींनी सांगितलंय, जसा हाय तसा."

"तुझ्या गुरुजींना केस असते तर त्यांनी ताणून मोजायला लावलं असतं."

मी हे ऐकले नाही असे दाखवले. संशोधकाला असे पुष्कळ काही ऐकू येत नसते.

हाल झाले ते नाकांचे. आमच्याकडे नळाला पाणी येते पाचव्या दिवशी. त्यात भांडी, कपडे आणि माणसे बसवायची, तर डोके धुणे हा चैनीचा विषय. वीस डोकी पाच पाच दिवस फोडणी मिरवत हिंडत होती. श्रावणी सोमवारच्या रांगेत आमच्या मंडळींच्या मागेपुढे आपोआप जागा सुटू लागली. गुरम्मांच्या नवऱ्याच्या उशाशी गल्लीतले मांजर रोज झोपायला येई आणि पहाटे त्याचे कपाळ चाटून जाई. तरीही एकाने माघार घेतली नाही. फुकट मिळालेल्या तेलावर आमच्या लोकांची अशी निष्ठा बसते.

आणि केस वाढत होते! दर रविवारी वाढत होते. कोणाचे पाव सेंटीमीटर, कोणाचे थोडे जास्त, पण एकूण एक डोक्यावर वाढ. आकडे चढताना पाहून मला रात्री झोप येईना. छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांनी लावलेले शोध शिकवले. आता एक शोध माझ्या ओट्यावर लागत होता.

तिसऱ्या रविवारी युवराजचा घोळ झाला. हा माळशिरसकडचा मुलगा. पतसंस्थेत नोकरीला आहे आणि रुद्रप्पांच्या माडीवर भाड्याने राहतो. तो ओट्यावर बसला, तर डोके चकाचक कापलेले.

"अरे, हे काय?"

"मुलगी बघायला गेलतो गुरुजी. आई म्हणली, असा अस्वलावानी जाशील तर ती पोरगी दारातनंच पळंल. म्हणून स्टेशनपाशी कापून घेतलं."

"आणि तेल?"

"तेल रोज लावलं की! मुलीनं पयला प्रश्न काय इचारला म्हायताय? 'तुमी हॉटेलात कामाला हाय का?'"

दानेश्वरीने मोजले आणि लिहिले. गेल्या रविवारी सहा, आज दोन. माझ्या सरळ चढत गेलेल्या तक्त्यात हा आकडा खड्ड्यासारखा दिसत होता.

"ही ओळ खोड," मी म्हणालो.

"का गुरुजी?"

"अपवाद आहे तो."

"पण ह्यांनी तेल लावलंय की."

"दानेश्वरी, मोठे सांगतात ते ऐकावं."

हे वाक्य मी छत्तीस वर्षांत कोणत्याही मुलाला म्हटलेले नव्हते. माझ्या तोंडून ते इतके सहज निघाले, की जणू रोजचेच होते. तिने माझ्याकडे पाहिले, पट्टी लावली आणि त्या ओळीवर एक बारीक रेघ मारली. खालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. वीसची एकोणीस डोकी झाली आणि माझा शोध निर्दोष झाला.

चौथ्या रविवारी हिशेब जुळला: महिन्याला सरासरी सव्वा सेंटीमीटर. मी तक्त्याखाली माझ्या हाताने दाखला लिहिला, की तपासलेल्या सर्व, सर्व म्हणजे एकूण एक, डोक्यांवर केसांची निश्चित वाढ झाली आहे. श्रीशैलने वाचले आणि माझ्या पाया पडला. मग सलूनमधल्या दोन खुर्च्यांपैकी एक विकून हजार बाटल्या आणि हजार लेबले घेऊन आला. 'गुरुजींनी तपासलेले' हे शब्द तेलाच्या नावापेक्षा मोठे होते.

तेव्हा कोणीतरी सांगितले की तेल विकायला परवाना लागतो. आमच्याकडे ही माहिती नेहमी लेबले छापून झाल्यावर मिळते.

परवान्याच्या कार्यालयात आम्ही दोघे गेलो. पहिल्या खिडकीतल्या बाबूंनी विचारले, "तेल काय करतं?"

"केस वाढवतं," श्रीशैल म्हणाला.

"मग औषध. खिडकी चार."

खिडकी चारवर विचारले, "डॉक्टर कोण आहेत?"

"हे आमचे गुरुजी."

"कशाचे डॉक्टर?"

"मराठी शाळेचे."

तिथून आम्हाला खिडकी दोनला पाठवले, कारण नुसते लावायचे तेल म्हणजे प्रसाधन. खिडकी दोनच्या बाबूंनी टोपण उघडले, वास घेतला आणि मागे वळून सहकाऱ्याला विचारले, "डबा आला का रे?" मग आमच्याकडे बघून म्हणाले, "खाद्यपदार्थ असेल तर वरचा मजला." तीन वाजेपर्यंत आम्ही औषध, प्रसाधन आणि खाद्य या तिन्ही जन्मांतून फिरून आलो. चौथ्या वेळी खिडकीवर मी त्या बाबूंना व्याकरणाच्या दोन चुका दाखवल्या. त्याने काम लवकर झाले असे म्हणता येणार नाही.

शेवटी एका मॅडमनी आत बोलावले. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी माझ्या तक्त्याची आणि दाखल्याची नक्कल दोनदा वाचली.

"मोजमापं तुम्ही घेतलीत?"

"मुलांनी घेतली. माझ्या देखरेखीखाली."

"ठीक. तेल कुठे करता ती जागा बघायला मला यायचंच आहे. सोमवारी अकराला येते. तेव्हा ही डोकीही बघते. मूळ तक्ता समोर ठेवा आणि त्यावर माझ्यासमोर सही करा. तुमच्या सहीवर फाइल पुढे जाईल."

बाहेर येताच श्रीशैल म्हणाला, "म्हणजे समदं तुमच्या सहीवर हाय, गुरुजी."

"मग काळजी कसली?" मी म्हणालो. माझी छाती त्या दिवशी फार पुढे आलेली असावी, कारण जिना उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या.

शनिवारी अमावास्या होती. दोन दिवस हाताशी होते, म्हणून मी अकलूजला लेकीकडे, अंकिताकडे गेलो. शोध लागला आहे हे जावयाला कळणे आवश्यक होते. ऋतुराज साखर कारखान्यात असतो. त्याने सगळा तक्ता शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "पपा, तुम्ही आमच्या कारखान्यात या. आमचा साखरेचा उतारापण असा सगळीकडे वाढवून द्या." मला तेव्हा ती स्तुती वाटली. चहा झाल्यावर मी त्याला दुसऱ्यांदाही समजावून सांगितले.

रविवारी संध्याकाळी एस.टी.ने परत आलो. गल्लीच्या तोंडाशी एक गुळगुळीत इसम हसून म्हणाला, "नोड्री मास्तर, कसं दिसतंय?"

आवाजावरून ते रुद्रप्पा असल्याचे समजले. डोके, दाढी, सगळे साफ. त्यांच्यामागे गुरम्मांचे यजमान. तेही साफ. पुढे एक एक करत माझे अख्खे संशोधन समोरून येत होते आणि प्रत्येकाच्या कानावर, जिथे माझी सव्वा सेंटीमीटर वाढ असायला हवी होती, तिथे नुसती पावडर होती.

श्रावण संपला होता. तीन दिवसांवर गणपती आले होते. पहाटे पाचपासून सलूनपुढे रांग लागली होती. आत एकुलत्या एका खुर्चीमागे श्रीशैल घामाघूम उभा होता. त्याचे डोळे लकाकत होते.

"गुरुजी! महिन्याचा धंदा एका दिवसात! दुसरी खुर्ची विकलो, तेवढी चूक झाली बघा."

"श्रीशैल, पुरावा कापलास तू!"

त्याची कात्री हवेत थांबली. "आं?"

"उद्या मॅडम डोकी बघायला येणार आहेत."

त्याने खुर्चीतल्या डोक्याकडे पाहिले. ते अर्धे झाले होते. "आता हो? पण गुरुजी, सणाच्या तोंडावर दारात आलेलं गिऱ्हाईक परत कसं लावू? 'बाबा, कानावरची बट तेवढी सरकारी हाय' म्हणू व्हय?"

"मला विचारायचं तरी."

"तुमी अकलूजला शोध सांगत बसला होता की."

मार्ग सुचवला शिवबाईंनी. केस टाकलेले नव्हते, कोपऱ्यात पोत्यात होते. "आत्ता मॅडमला केसच बघायचं हाय न्हवं? पोतंच दाखवू की." आणि मी, विज्ञान शिकवणारा माणूस, म्हणालो, "चालेल."

सोमवारी बरोबर अकराला मॅडम आल्या. शिवबाईंची चूल बघितली, पातेले बघितले, वास आल्यावर मान वळवली. ओट्यावर सतरंजी होती. तिच्यावर माझा तक्ता होता आणि शेजारी एक गच्च भरलेले पोते. पलीकडे एकोणीस बोडकी ओळीने बसली होती. सणाची सुट्टी लागल्यागत मुले कठड्यावर चढून बघत होती.

"डोकी कुठायत?" मॅडमनी विचारले.

"ही की," श्रीशैल म्हणाला.

"केस?"

श्रीशैलने पोत्याचे तोंड सोडले. "हे. समद्यांचे मिळून हाईत. वेगळे करता येत न्हाईत आता, पण वजन करा पायजे तर."

मॅडमनी पोत्यात वाकून बघितले. "काल सगळ्यांनी एकाच दिवशी कापले?"

"व्हय. परवा श्रावण संपला न्हवं," रुद्रप्पा अभिमानाने पुढे सरकले. "आमच्या गल्लीत श्रावणभर कुणी कात्री लावत न्हाय, मॅडम. बापजाद्यांपास्नं."

"महिनाभर कोणीच केस कापले नव्हते?"

"एकानंपण न्हाय! विचारा कुणालाबी."

"मग वाढणारच की हो."

ओट्यावर शांतता पसरली. ती शांतता मला ओळखीची होती. वर्गात फळ्यावरची बेरीज चुकलेली असते, ती फक्त मास्तरला दिसलेली नसते, तेव्हा मुले अशी गप्प बसतात. श्रावणात केस कापत नाहीत, हे एकोणीसच्या एकोणीस जणांना पाठ होते. ते श्रीशैलला माहीत होते, म्हणून तर तो रिकामा बसला होता. मला माहीत होते. मात्र त्या माहितीचा पट्टीवरच्या आकड्यांशी काही संबंध असू शकतो, हे अख्ख्या गल्लीत कोणाच्या डोक्यात शिरले नाही. वरून तेल मुरत होते, आत काही मुरत नव्हते.

मॅडमनी तक्ता उचलला. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवले. "हे कोण?"

"ते युवराजदादा," कठड्यावरून दानेश्वरी म्हणाली. "त्यांनी कापलेवते."

"आणि तेल लावलं होतं?"

"रोज. ती ओळ गुरुजींनी खोडायला सांगितली."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी शिकवल्याप्रमाणे विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दिले, एवढेच.

मॅडमनी पेन माझ्यापुढे धरले. "गुरुजी, मी वाद घालत नाही. मापं खरी आणि पूर्ण आहेत असं लिहून सही करा, फाइल मी पुढे पाठवते. जबाबदारी तुमची."

श्रीशैल माझ्या कानाशी वाकला. "करा की गुरुजी. मापं खोटी थोडीच हाईत? केस वाढलेच की. मी खुर्ची विकलो हो."

खुर्चीचे मला वाईट वाटले. अजूनही वाटते. मापेही खोटी नव्हती. एवढी सोपी सही मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. गल्ली माझ्याकडे बघत होती, आणि तिची इच्छा स्पष्ट होती, की गुरुजींनी सही करावी आणि आपण इतके दिवस आमटीचा वास मारत हिंडलो त्याला काहीतरी अर्थ यावा. फक्त कठड्यावरची मुले कसलीच इच्छा न धरता बघत होती. बरोबर उत्तर काय येते, एवढीच त्यांना उत्सुकता होती.

मी पेन घेतले आणि माझ्या दाखल्याखाली लिहिले: "रोज तेल लावलेले आणि कात्रीही लावलेले डोके एकच होते. त्याचे केस कमी झाले. ती ओळ मी खोडायला लावली. बाकी एकोणीस डोक्यांचे केस श्रावणाने वाढवले." आणि सही केली.

श्रीशैलने पोत्याचे तोंड बांधले आणि ते घेऊन तो सलूनकडे गेला.

त्याचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो, म्हणजे कोणी हळहळायला नको. साधे डोक्याला लावायचे तेल म्हणून परवाना मिळेल, केस वाढतात असे कुठे लिहायचे नाही, असे मॅडमनी सांगितले. यथावकाश तो मिळाला. माझ्या चाळीस ओळी गेल्या. आता लेबलावर 'शिवबाई तेल. डोक्याला लावावे.' इतकेच आहे. दिवाळीपर्यंत हजार बाटल्या संपल्या. लेबल एकानेही वाचले नाही. वाचतच नाहीत, हे आधी माहीत असते तर मी सुभाषित शोधायला दोन दिवस घालवले नसते. श्रीशैलने दोन नव्या खुर्च्या घेतल्या, गोल फिरणाऱ्या. माझ्याशी तो महिन्याने बोलू लागला. रुद्रप्पा आजही चौकात सांगतात, "मास्तर काय पण लिवू दे, माझे सव्वा वाढले म्हणजे वाढले." मात्र अमावास्या आज की उद्या, हे आता मला कोणी विचारत नाही. मोबाईलवर बघतात.

मॅडम येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, मुले येतील अशी माझी खात्री नव्हती. दार लोटून आत बसलो होतो. पाच वाजता बाहेर चपला वाजल्या. नेहमीची सगळी आली, नेहमीच्या जागेवर बसली. मॅडमनी तक्त्याचा फोटो तेवढा नेला होता; तक्ता मी परत भिंतीला लावला होता. त्याखाली माझा दाखला, आणि त्याखाली माझे कालचे लिखाण.

काय शिकवावे ते मला सुचेना. शेवटी मी लाल पेन दानेश्वरीला दिले आणि म्हणालो, "हा गुरुजींचा पेपर. तपास."

तिला हसू आले नाही. ती उठली, पहिल्या रकान्यापासून वाचू लागली. बोट ठेवून सगळे आकडे तपासले. युवराजच्या ओळीपाशी थांबली आणि तिथे एक फुली मारली. दाखला वाचला, 'सर्व, सर्व म्हणजे एकूण एक' या शब्दांखाली रेघ ओढली. खालची चार वाक्ये तिने दोनदा वाचली. मग कोपऱ्यात गोल काढून मार्क लिहिले.

दहापैकी तीन.

"तीन कशाचे गं?" मी विचारले. मला वाटले, खरे लिहिल्याचे असतील.

"अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली.

मी अर्धा मार्क वाढवून मागितला. तिने दिला नाही.